नर्सचं रजिस्टर आणि कादिसियाची बेडी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कुठल्याही गल्लीत विचारा, एखादी तरी सिस्टर राहत असतेच. कुणी उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये, कुणी अंबरनाथच्या छाया हॉस्पिटलमध्ये, कुणी रोज लोकलने मुंबई गाठणारी, तर कुणी स्टेशनजवळच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये. तिच्या घरात जपून ठेवलेला एक कागद असतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा. घराचा हप्ता, धाकट्या भावाची फी, अम्मीची औषधं, सगळं त्या कागदावर चालतं. आखाती देशात जायचं तर कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग'चं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हिच्या नावावर डाग नाही याची ग्वाही.

रुग्णांना वेदनाशामक इंजेक्शन देणारी सिस्टर स्वतःच त्या इंजेक्शनात अडकली, तर या कागदाचं काय होतं? तिने उपचार घ्यायचे ठरवले तर नोकरी टिकते का, नाव टिकतं का? जगात काही ठिकाणी या प्रश्नाला चाळीसेक वर्षांपासून लेखी उत्तर आहे. आपल्याकडे ते नाही. ते का नाही, हे समजून घ्यायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

रजिस्टर कुठून आलं

मुस्लिम वाचकांना रुफैदा अल-असलमिया हे नाव ठाऊक असेल. मदिनेत मशिदीजवळ तंबू टाकून जखमींची शुश्रूषा करणारी ही स्त्री इस्लामी इतिहासातली पहिली नर्स मानली जाते. पण तिचं नाव कुठल्या सरकारी वहीत नव्हतं. परीक्षा, नोंदणी, वहीत नाव आणि नाव काढण्याचा अधिकार असलेलं मंडळ ही आधुनिक काळाची रचना. न्यूझीलंडने १९०१ मध्ये नर्सेससाठी स्वतंत्र नोंदणी कायदा केला, ब्रिटनने १९१९ मध्ये.

मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. १८९१ मध्ये तिथे शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली प्रशिक्षित भारतीय नर्स म्हणून येतं. त्या काळी रुग्णालयात परक्या पुरुषांची शुश्रूषा करणं हे 'चांगल्या घरच्या' बाईचं काम मानलं जात नसे. मग १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. मुंबई प्रांताचा नर्स, सुईणी आणि आरोग्य परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. १९४७ मध्ये भारतीय नर्सिंग परिषदेचा केंद्रीय कायदा आला, १९५४ मध्ये मुंबई राज्याचा नवा कायदा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम.

रजिस्टर ही या स्त्रियांनी मिळवलेली इज्जत होती. शिकलेली नर्स आणि न शिकलेली आया यांच्यातली रेघ त्या वहीने आखली. पण इज्जतीसाठी आखलेल्या रेघेत चारित्र्यही आपोआप आलं. गुन्हा सिद्ध झाला किंवा व्यवसायाला न शोभणारं वर्तन दिसलं, तर चौकशी करून नाव काढायचं. आजारी पडलेली नर्स, आणि तिचा आजारच असा की जो वर्तनात दिसतो, हा प्रकार त्या कायद्याने वेगळा ओळखलाच नाही.

कपाटाची किल्ली

हा आजार नर्सेसना का गाठतो? अफूचं सत्त्व म्हणजे मॉर्फिन. १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वूड यांनी त्वचेखाली सुईने औषध द्यायची रीत रूढ केली. सुईने दिलेल्या औषधाची सवय लागणार नाही असा तेव्हा समज होता. पुढेही हेच घडत राहिलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत पेथिडीन तयार झालं, साठच्या दशकात पेंटाझोसिन बाजारात आलं. दोन्ही वेळा 'याचं व्यसन लागत नाही' असं सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा ते खोटं ठरलं. या औषधांच्या व्यसनात डॉक्टर, नर्स, कंपाउंडर नेहमीच आढळले आहेत, कारण त्यांच्या हाताजवळ ती असतात.

मोठ्या रुग्णालयात ही औषधं दोन कुलपांच्या कपाटात असतात. प्रत्येक अँप्यूलची नोंद, दोन सह्या, रिकामी अँप्यूल परत, ड्यूटी बदलताना मोजणी. अर्धं औषध उरलं तर दुसऱ्याच्या देखत फेकायचं. मात्र ही शिस्त माणसं पुरेशी असतील तरच टिकते. रात्री चाळीस रुग्णांमागे एकच सिस्टर असेल तर दुसरी सही सकाळी होते, न बघता. बारा तास उभं राहून दुखणारी कंबर, उलटीपालटी झोप, घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक, आणि कमरेच्या दुखण्यावर काय चालतं हे पुरतं माहीत असणं, इतकं पुरेसं असतं. सुरुवात बहुधा मजेसाठी होत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत काय झालं तेही पाहू. अमेरिकेतले विल्यम हॉल्स्टेड आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांपैकी एक. १८८४ च्या सुमारास कोकेनने अवयव बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना कोकेनचं व्यसन लागलं. उपचारांसाठी दाखल झाले आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेले. विल्यम वेल्च या मित्राने त्यांना बाल्टिमोरला नेलं, आधी प्रयोगशाळेत काम दिलं, नजरेखाली ठेवलं आणि मग जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली शस्त्रक्रियेची मोठी जागा मिळू दिली. ते मॉर्फिन पुढेही घेत होते, हे त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलं होतं. ती बंद ठेवलेली टिपणं १९६९ मध्ये उघडली गेली. शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजेही हॉल्स्टेड यांच्याच नावावर आहेत. जंतुनाशकाने कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सचे हात सोलून निघत, म्हणून त्यांनी ते बनवून घेतले. म्हणजे बड्या सर्जनला शंभर वर्षांपूर्वीच एक मधला रस्ता मिळाला होता. मित्राची नजर, हलकं काम, हळूहळू परत मोठी जबाबदारी. तो कायद्यात नव्हता, ओळखीत होता. साध्या नर्सकडे असा वेल्च नसतो.

१९४९ आणि १९८५

उल्हासनगरच्या जन्माचं साल आणि आपल्या दारूबंदी कायद्याचं साल एकच. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं गेलं. त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' म्हणतात. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी झाली, पण सोबत परमिटही आलं. तब्येतीसाठी दारू लागते असं वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, परवाना घ्या. ज्यांना प्रमाणपत्र मिळवता येत नव्हतं त्यांच्यासाठी हातभट्टी होती. थोडक्यात, पिणाऱ्याला सवलतीचा कागद देण्याची कल्पना या राज्याला नवी नाही. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याच्यासाठी ती फार जुनी आहे.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आलं आणि १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा झाला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचं सेवन हाच गुन्हा आहे. पण कलम ३९ नुसार व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडता येतं. १९८९ मध्ये जोडलेल्या कलम ६४-अ नुसार जो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसारख्या अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांची वेगळी पद्धत आणली. ट्रामाडॉल २०१८ मध्ये या कायद्याच्या यादीत आलं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्टच आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्याने मानसिक आजारात धरल्या आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला.

आता हे कायदे शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो, उपचार घे, खटला होणार नाही. दुसरा म्हणतो, तू रुग्ण आहेस, तुझी माहिती गुप्त राहील. आणि नर्सेसच्या रजिस्टरचा कायदा या दोन्हींबद्दल गप्प आहे. कलम ६४-अ नर्सला खटल्यापासून वाचवेल, पण नोकरी आणि नोंदणी यांबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे ती उपचारांना जात नाही, लपवते.

लपवण्यात रुग्णालयही सामील असतं. मी ज्यांना शाळेत उर्दू-मराठी शिकवलं त्यांतल्या काही मुली आज स्टाफ नर्स आहेत. त्यांतली एक सांगत होती, "टीचर, आमच्याकडे एका सिस्टरच्या ड्यूटीत इंजेक्शनं कमी भरली. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. पोलीस नाही, कौन्सिल नाही, काहीच नाही." पुढे तिचं काय झालं, असं मी विचारलं. "पुढच्या स्टेशनला लागली म्हणतात."

या एका वाक्यात आपली सगळी व्यवस्था आली. उल्हासनगरला राजीनामा, बदलापूरला नवी नोकरी. रुग्णालयाची बदनामी टळली, सिस्टरचा कागद वाचला, आणि आजार तिच्यासोबत पुढच्या कपाटापर्यंत गेला. हे किती महाग पडू शकतं ते अमेरिकेत दिसलं. न्यू हॅम्पशायरच्या एका रुग्णालयातला हृदयविभागाचा तंत्रज्ञ रुग्णांच्या फेंटानिलच्या सिरिंज चोरून स्वतःला टोचत असे आणि त्याच सिरिंज परत ठेवत असे. त्याला हेपटायटिस सी होता. २०१२ मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत मिळून चाळीसहून अधिक रुग्णांना लागण झालेली होती. आधीच्या काही रुग्णालयांनी त्याला काढलं होतं, पण पुढे कुणाला थांबवलं नव्हतं. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. 'उद्यापासून येऊ नका' याला दया म्हणता येत नाही. पुढच्या खाटेवरच्या रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते.

तिसरा दरवाजा

अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने १९८२ मध्ये ठराव केला की व्यसनात सापडलेल्या सहकाऱ्याला शिक्षेआधी उपचारांची संधी मिळावी. १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्याने नर्सेससाठी खास कार्यक्रम सुरू केला. पुढे बऱ्याच राज्यांनी तो मार्ग धरला.

तो साधारण असा चालतो. नर्स स्वतः पुढे येते किंवा सहकारी कळवतात. ती काम थांबवते, तपासणी होते, उपचार होतात. मग बहुधा तीन ते पाच वर्षांचा लेखी करार. रोज सकाळी फोन करून किंवा मोबाइलवर बघायचं, आज आपली लघवीची तपासणी आहे का. असेल तर त्याच दिवशी जायचं. कामावर परतल्यावर सुरुवातीचे काही महिने अमली औषधांच्या कपाटाची किल्ली नाही, बऱ्याचदा रात्रपाळी आणि ओव्हरटाइमही नाही. वॉर्डातला एक वरिष्ठ लक्ष ठेवतो आणि ठरलेल्या मुदतीने अहवाल पाठवतो. नर्सेसच्याच गटाच्या बैठकीला हजर राहायचं. पुन्हा घेतलं तर कामावरून लगेच बाजूला. सगळं पाळलं तर बऱ्याच ठिकाणी हे प्रकरण सार्वजनिक होत नाही आणि नाव रजिस्टरवर राहतं.

ब्रिटनची पद्धत वेगळी, पण दिशा तीच. तिथे प्रश्न निव्वळ आजारपणाचा असेल तर थेट नाव काढता येत नाही. आधी सलग दोन वर्षं अटी किंवा निलंबन, त्यानंतरच तो पर्याय. आपण नोंदणीची चौकट त्यांच्याकडूनच घेतली, पण त्यांनी त्यात पुढे केलेली ही दुरुस्ती आपल्यापर्यंत आली नाही.

या कार्यक्रमांचे दोषही मोठे आहेत. तपासण्यांचा खर्च बहुतेकदा नर्सच भरते, तोही उत्पन्न थांबलेल्या काळात. खसखस खाल्ली तरी लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, म्हणून ती वर्ज्य. आपल्या मटणाच्या वाटणात आणि अनारशात ती असते, हे परदेशातल्या आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावं. दारूच्या एका अतिसंवेदनशील चाचणीत हातांना लावायच्या सॅनिटायझरचाही अंश दिसू शकतो, आणि नर्स दिवसभर तेच लावत असते. कॅलिफोर्नियात डॉक्टरांसाठीचा असा कार्यक्रम देखरेखीतल्या त्रुटींमुळे २००८ मध्ये बंद करावा लागला. कॅनडात एका नर्सने तक्रार केली की मी देव मानत नाही, तरी मला बारा पायऱ्यांच्या बैठकांची सक्ती होते. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि तिथल्या आरोग्य संस्थेला श्रद्धेचा आक्षेप मान्य करावा लागला. मुस्लिम नर्सलाही हा निकष कामाचा आहे. तिच्यावर दुसऱ्याच्या प्रार्थनेची सक्ती नको आणि आपल्या मौलानांच्या वाजची सक्तीही नको. इलाज हवा.

आपल्याकडे काय आहे

पाया आपल्याकडे आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. तिथला भर दाखल होऊन बाहेर पडल्यानंतरच्या काळावर आहे, म्हणजे पाठपुराव्याच्या बैठका आणि व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट. स्त्रियांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभागही आहे. बांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं.

स्त्रियांचा विभाग वेगळा का लागतो, हे आकडे सांगतात. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचं १.६ टक्के आढळलं. म्हणून बहुतेक केंद्रं पुरुषांसाठी. व्यसनी बाई आहे हे मान्यच नसेल तर तिच्यासाठी खाट कोण ठेवणार?

संधी मात्र आली आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. तो १९४७ चा कायदा बदलणारा आहे. त्यात राष्ट्रीय पातळीवर आचारसंहिता आणि नोंदणी यांसाठी वेगळं मंडळ आहे आणि प्रत्येक राज्यात आयोग आहे. महाराष्ट्राची नियमावली करताना त्यात काही ओळी घालता येतील. स्वतःहून पुढे आलेल्या नर्सची नोंदणी उपचाराच्या काळात शाबूत राहील. कामावर परत येताना किल्लीबाबत अटी असतील. तपासणीचा खर्च तिच्या पगारातून कापला जाणार नाही. आणि गुपचूप काढून टाकणाऱ्या रुग्णालयालाही जाब विचारला जाईल. नर्सेसच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

कादिसियाची बेडी

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्या समाजातून दहावी-बारावीनंतर जीएनएमला जाणाऱ्या मुली वाढत आहेत. त्यांतली एखादी या आजारात सापडली तर तिच्यावर तिहेरी शरम येते. बाई असून व्यसन, नर्स असून चोरी, मुसलमान असून हराम. शराब हराम आहे यात वाद नाही. पण ती बंदीही कुराणात एका दिवसात आली नाही, टप्प्याटप्प्याने आली, हे आपण मदरशात शिकतो आणि घरी विसरतो.

तबरीसारख्या इतिहासकारांनी कादिसियाच्या लढाईतला एक प्रसंग नोंदवला आहे. साल साधारण ६३६. अबू मिहजन सकफी हा शूर योद्धा, पण पिणं सुटत नव्हतं. सेनापती साद बिन अबी वक्कास यांनी त्याला बेड्या घालून ठेवलं. बाहेर लढाई जोरात सुरू झाली तेव्हा तो सादची पत्नी सल्मा हिला म्हणाला, मला सोड, वाचलो तर संध्याकाळी परत येऊन स्वतः पायात बेडी घालीन. सल्माने आधी नकार दिला, मग सोडलं. तो सादच्याच घोडीवर बसून लढला. आजारी असल्याने वरून लढाई पाहणाऱ्या सादला कळेना की हा स्वार कोण. संध्याकाळी अबू मिहजन परत आला आणि शब्दाप्रमाणे बेडीत पाय घातला. हकीकत कळल्यावर सादने त्याला मोकळं केलं, आणि अबू मिहजनने पिणं सोडलं, असं ती कथा सांगते.

सल्माने त्याचं पिणं माफ केलं नाही. त्याला कायमचं मोडीतही काढलं नाही. अट घातलेलं काम दिलं आणि परत येण्याचा शब्द घेतला. फ्लोरिडाच्या कराराचा आशय याहून फार वेगळा नाही. बुखारीत एक हदीसही आहे. दारूसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या माणसाला एकाने शाप दिला, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्याला थांबवलं आणि हा माणूस अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो असं सांगितलं. शिक्षा झाली, पण जमातीतून नाव कापलं गेलं नाही.

म्हणून आयांना, भावांना, शौहरांना एक विनंती. घरातल्या सिस्टरच्या पर्समध्ये रिकामी अँप्यूल सापडली, तर पहिला फोन नातेवाइकांना करू नका. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून दाखल झालात तर कलम ६४-अ पाठीशी आहे, आणि तिचा आजार गुप्त ठेवणं ही उपचार करणाऱ्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. रजिस्टरचा कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर तिला मॉर्फिनच्या कपाटापासून लांब, बाह्यरुग्ण विभागात किंवा लसीकरणाच्या टेबलावर काम द्यायला कुठल्याही रुग्णालयाला नव्या कायद्याची गरज नाही. तेवढं करणारी एक मेट्रन आणि एक डॉक्टर प्रत्येक स्टेशनाजवळ निघाले, तरी तिला पुढच्या स्टेशनवर पळून जावं लागणार नाही.